छात्रालयातील गुरुजी

जळगाव जिल्ह्यात बोरी नदीच्या काठी अमळनेर हे शहर आहे. तेथील प्रताप हायस्कूलात १९२४ साली एक तरुण शिक्षक रुजू झाले. ते वृत्तीने लाजाळू व मितभाषी होते. पांडुरंग सदाशिव साने हे त्यांचे नाव. परंतु अवघा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणूनच ओळखतो.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड या गावी झाला. घराणे खोताचे होते, तरी वैभव केव्हाच ओसरले होते. औंध व पुणे येथे शिकत असता त्यांना अनेकदा अर्धपोटी राहावे लागले. भाकरीचे मोल त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नाही. पुढे तत्त्वज्ञानाच्या अध्ययनासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि तेथून शाळेत गेले.

शाळेच्या छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली, आईवेगळी झालेली ती मुले! खोल्या केरकचऱ्याने भरलेल्या, अंथरुणे अस्ताव्यस्त, कंदिलांच्या काचा काजळलेल्या. दुसरा एखादा शिक्षक रागावला असता. गुरुजींनी स्वतःच झाडू हाती घेतला. मुले शाळेत गेली की ते खोल्या झाडीत, अंथरुणांच्या घड्या घालीत, कंदील पुसून ठेवीत. कोणी आजारी पडल्यास त्याची शुश्रूषा करीत. हे पाहून मुले ओशाळली व हळूहळू आपली कामे आपणच करू लागली. छडीने हे कधीच साधले नसते.

वर्गातील तासिका त्यांना अपुरी वाटे. म्हणून ते छात्रालयासाठी एक दैनिक स्वहस्ते लिहून काढीत. वर्तमानपत्रे क्वचितच पाहावयास मिळणाऱ्या त्या मुलांना त्यातून देशोदेशीचे विचार कळत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले.

१९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. मुलांवर अपार माया असूनही गुरुजींनी शाळा सोडली. हा वियोग त्यांना सोपा गेला नसावा. त्यानंतर त्यांना अनेकदा कारावास भोगावा लागला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचने देत. ती गुरुजींनी लिहून घेतली, म्हणूनच ती आज आपणांस वाचावयास मिळतात.

पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. शाळा सुटली होती, पण शिकविणे सुटले नव्हते. त्या पुस्तकात झाडावरच्या कळ्या अकाली खुडणाऱ्या मुलांना आई फुलांचे सुखदुःख समजावून सांगते. पानांची पत्रावळ लावण्याचा कंटाळा करणारा श्याम अखेर ती लावावयास शिकतो. एकदा आईच्या हातून भाजीत मीठ घालावयाचे राहते. तरी राबणाऱ्या माउलीस वाईट वाटू नये म्हणून घरची मंडळी ती अळणी भाजी मुकाट्याने खातात. घरातल्या अशा साध्या गोष्टींतून अन्न, निसर्ग आणि माणसांचे श्रम यांविषयीचा आदर मुलांच्या मनात रुजतो.

१९३८ साली पूर्व खानदेशावर, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यावर, ओल्या दुष्काळाचे संकट कोसळले. पाऊस न पडल्यानेच दुष्काळ येतो असे नाही. अतिवृष्टीनेही उभे पीक कुजते आणि शेतकऱ्याच्या घरात दाणा उरत नाही. सारा तर भरावाच लागणार! गुरुजी गावोगाव हिंडले, सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या आणि शेतसारा माफ व्हावा अशी मागणी लावून धरली. चारचौघांत बोलावयास संकोचणारा हा शिक्षक हजारोंच्या सभांत शेतकऱ्यांची बाजू मांडू लागला.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. आपली पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे ते त्यात छापीत. फुले, पाखरे, झाडे, पावसाळ्यातील आकाश अशा कितीतरी गोष्टी त्या पत्रांत येत, आणि सुधेबरोबर महाराष्ट्रातील असंख्य मुले ती वाचीत. ११ जून १९५० रोजी गुरुजींचे निधन झाले. ती पत्रे ‘सुंदर पत्रे’ या नावाने आजही उपलब्ध आहेत.