विद्यार्थिदशेतील डॉ. आंबेडकर

शाळेत घंटा वाजते म्हणून मुले वर्गात येतात आणि गुरुजी विचारतील म्हणून धडा पाठ करतात. कॉलेजात ही घंटा वाजत नाही. शिरड शहापूर सोडून हिंगोलीस, नांदेडास अथवा छत्रपती संभाजीनगरास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हा अनुभव लवकरच यावयाचा आहे. अशा वेळी अभ्यास किती, केव्हा व कशासाठी करावयाचा, हे ज्याचे त्यानेच ठरवावे लागते. ते कसे ठरवावे, हे ज्यांच्या चरित्रावरून शिकण्यासारखे आहे, त्या डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेचा वृत्तांत आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार हे लष्करी शाळेत शिक्षक होते. साताऱ्याच्या शाळेत अस्पृश्य म्हणून भीमरावांस निराळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी शिपायाने वरून पाणी ओतल्यावाचून ते पिता येत नसे. संस्कृताची आवड असूनही ती भाषा शाळेत घेता आली नाही, फारसी घ्यावी लागली. तथापि संस्कृताचा ध्यास त्यांनी सोडला नाही. पुढे स्वप्रयत्नाने त्यांनी त्या भाषेचा अभ्यास केला. १९०७ साली ते मॅट्रिक झाले.

१९१३ साली, वडिलांच्या निधनानंतर थोड्याच महिन्यांनी, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे शिवाशीव नव्हती, आणि अभ्यास केला की नाही हे विचारणारेही कोणी नव्हते. आरंभीचे काही दिवस मौजेत गेले, असे चरित्रकार सांगतात. परंतु लवकरच त्यांनी आपल्या मनास लगाम घातला. शिष्यवृत्तीची मुदत अवघी तीन वर्षांची होती. पदवीस आवश्यक तेवढेच शिकून न थांबता अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान असे अनेक विषय त्यांनी अभ्यासिले, व १९१५ साली एम. ए. पदवी मिळविली.

१९१६ साली ते लंडनला गेले. पण १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळवून ठेविली होती. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीत होते ती शत्रूने बुडविली. तरी त्यांनी धीर सोडला नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापकी करून पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले, आणि १९२० साली, मुदत संपण्यापूर्वीच, पुनः लंडन गाठले. इकडे रमाबाई हालअपेष्टा सोशीत संसार चालवीत होत्या. तिकडे भीमराव अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस घालवीत. १९२१ साली ते एम. एस्सी. झाले.

खरी कसोटी पुढेच होती. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी १९२३ साली पुनः लिहावयास सांगितला. पैसे संपले होते, म्हणून ते मुंबईस परतले. येथे त्यांनी आपले निष्कर्ष न सोडता मांडणी तेवढी बदलली व प्रबंध पुनः पाठविला. त्याच वर्षी त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

आपल्याला जे कष्टाने मिळाले ते इतरांस सुलभ व्हावे, म्हणून त्यांनी १९५० साली मराठवाड्यात, औरंगाबादेस, मिलिंद महाविद्यालय काढले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रहो, पुष्कळ तास वाचणे एवढ्यानेच विद्या साध्य होत नाही. मुदत ओळखणे, मनास आवरणे आणि मोडलेले काम पुनः हाती घेणे, या तीन गोष्टी भीमरावांनी कोणाच्या धाकावाचून केल्या. आणि पालकांसही आमची विनंती आहे की, मुलास अभ्यासाला बसविणे पुरेसे नाही. आपण होऊन बसण्याची सवय त्यास येथे, शाळेत असतानाच, लावावी.