नारायण मल्हार जोशी

नारायण मल्हार जोशी (५ जून १८७९ – ३० मे १९५५) हे भारतातील संघटित कामगार चळवळीचे एक प्रमुख संस्थापक, समाजसेवक आणि केंद्रीय विधिमंडळातील कामगारांचे प्रतिनिधी होते. ना. म. जोशी या नावाने ते महाराष्ट्रात ओळखले जातात. सोशल सर्व्हिस लीग (१९११) आणि अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस अर्थात आयटक (१९२०) या संस्थांच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. कामावर असताना अपंगत्व आलेल्या कामगाराला मालकाच्या मर्जीवर न सोडता कायद्याने भरपाई मिळावी, हे तत्त्व भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने प्रथम मान्य झाले. हा कायदा घडत असताना आणि पुढे त्याची व्याप्ती वाढत असताना कामगारांची बाजू मांडणाऱ्यांत जोशी अग्रभागी होते.

जन्म, शिक्षण आणि अध्यापन

जोशींचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी सुमारे आठ वर्षे निरनिराळ्या गावी शिक्षकाची नोकरी केली. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य झाले. या संस्थेच्या सदस्यांना तुटपुंज्या मानधनावर आयुष्यभर सार्वजनिक काम करावे लागे. जोशींनी ही शिस्त पाळली. प्रश्नाचा अभ्यास करून आकडेवारीनिशी सरकारपुढे बाजू मांडण्याची त्यांची पद्धत गोखल्यांच्या परंपरेतील होती.

सोशल सर्व्हिस लीग

विसाव्या शतकाच्या आरंभी कोकण आणि देशावरून आलेली लाखो माणसे मुंबईत परळ, लालबाग, डिलाईल रोड या भागांतील चाळींत राहत आणि कापड गिरण्यांत काम करीत. १९११ मध्ये जोशींनी सहकाऱ्यांसह सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतसंस्था आणि गरिबांना कायद्याचा सल्ला ही तिची प्रमुख कामे होती. या कामातून जोशींचा गिरणी वस्तीशी रोजचा संबंध आला. मदतकार्य कितीही वाढवले तरी कामाचे तास, मजुरी आणि अपघात हे प्रश्न कायद्याशिवाय सुटणार नाहीत, या भूमिकेवर त्यांचे पुढील काम उभे राहिले.

अपंग कामगाराच्या भरपाईचा प्रश्न

गिरणीत उघडे दातेरी चक्र, फिरते पट्टे आणि धोटे यांमुळे बोटे, हात किंवा डोळा गमावण्याचे प्रकार घडत. अशा कामगाराची नोकरी बहुधा जाई. मालक दयाळू असल्यास थोडी रक्कम देई, नाहीतर कुटुंब सावकाराच्या आश्रयाला किंवा गावाकडे जाई. १८५५ च्या प्राणघातक अपघातविषयक कायद्यानुसार मृताच्या वारसांना दावा करता येत असे. परंतु दुसऱ्याच्या चुकीने मृत्यू झाला हे न्यायालयात सिद्ध करणे गिरणी कामगाराच्या कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हते. जिवंत राहून अपंग झालेल्या कामगारासाठी कोणताही स्वतंत्र कायदा नव्हता.

या प्रश्नाला मुंबईत जुनी पार्श्वभूमी होती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना आयोगाला देण्यात आले होते. रविवारची सुटी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्यांबरोबरच त्यात आणखी एक मागणी होती. कामावर गंभीर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, असे कामगारांनी मागितले होते. साप्ताहिक सुटीचा प्रश्न त्यानंतरच्या काही वर्षांत सुटला; अपंगांच्या निर्वाहाची मागणी मात्र जवळजवळ चाळीस वर्षे कायद्यात उतरली नाही. दरम्यान जर्मनीने १८८४ मध्ये आणि ब्रिटनने १८९७ मध्ये अशा भरपाईचे कायदे केले होते.

वॉशिंग्टन परिषद आणि केंद्रीय विधिमंडळ

पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या तिच्या पहिल्या परिषदेला जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. पुढेही अनेक परिषदांना ते उपस्थित राहिले आणि संघटनेच्या प्रशासकीय मंडळावरही त्यांनी काम केले. कामगार प्रतिनिधी पाठवण्यासाठी देशव्यापी संघटनेची गरज होती. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटकची स्थापना झाली, त्यामागे हेही एक कारण होते.

१९२१ पासून सुमारे पाव शतक जोशी केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे नामनियुक्त प्रतिनिधी होते. त्याच वर्षी त्यांनी कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता आणि संरक्षण देण्याचा ठराव मांडला. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या संपानंतर संघटनेच्या पुढाऱ्यांवर न्यायालयीन मनाई हुकूम निघाल्याने या संरक्षणाची निकड स्पष्ट झाली होती. त्यातून पुढे १९२६ चा कामगार संघटना कायदा झाला. १९२२ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने कामाचा आठवडा साठ तासांचा झाला आणि कारखान्यात काम करण्यासाठी किमान वय बारा वर्षे ठरले.

कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३

हा कायदा ५ मार्च १९२३ रोजी संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कामामुळे आणि कामाच्या दरम्यान झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नसावी, हे त्याचे मूलतत्त्व होते. दावे नेहमीच्या दिवाणी न्यायालयांऐवजी नेमलेल्या आयुक्तांपुढे चालत. मृत कामगाराच्या वारसांची रक्कम आयुक्तांकडे जमा होई, त्यामुळे ती मध्येच कोणी लाटण्याला आळा बसे.

कायद्याने अपंगत्वाचे तीन प्रकार मानले: तात्पुरते, कायमचे अंशतः आणि कायमचे पूर्ण. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास प्रौढ कामगाराला ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळे. मृत्यू झाल्यास वारसांना ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांपैकी कमी रक्कम मिळे. अपंग झालेल्याला मृतापेक्षा अधिक रक्कम ठेवण्यामागील कारण असे की, कमावता माणूस कमाई थांबूनही कुटुंबात जगणार होता आणि त्याचा निर्वाह त्याच कुटुंबावर पडणार होता.

अंशतः अपंगत्वासाठी कायद्याला एक अनुसूची जोडली होती. अवयव गमावल्याने कमाईची क्षमता किती टक्के घटली असे मानावे, हे तिच्यात दिले होते. उजवा हात कोपरापासून गेल्यास ७०, डावा गेल्यास ६०, एका डोळ्यासाठी ३० आणि अंगठ्यासाठी २५ टक्के असे तिचे स्वरूप होते. महिना तीस रुपये पगार धरल्यास पूर्ण अपंगत्वाची भरपाई १,२६० रुपये आणि एक डोळा गमावल्याची ३७८ रुपये होई. शिसे व फॉस्फरस यांची विषबाधा आणि संसर्गजन्य काळपुळी या व्यवसायजन्य रोगांनाही अपघाताप्रमाणे मानले गेले.

कायद्याच्या मर्यादाही ठळक होत्या. तो ठरावीक उद्योगांतील कामगारांनाच लागू होता. शेतमजूर आणि घरकामगार त्याबाहेर राहिले. पहिल्या दहा दिवसांच्या अपंगत्वाला भरपाई नव्हती. त्यानंतर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे प्रत्यक्षात अर्धा पगार मिळे आणि त्यालाही पंधरवड्याला १५ रुपयांची कमाल मर्यादा होती. औषधोपचाराची जबाबदारी मालकावर नव्हती. अपंग झालेल्याला पुन्हा कामावर घेण्याचे किंवा नवे काम शिकवण्याचे बंधनही कायद्यात नव्हते.

कायद्याची अंमलबजावणी आणि सुधारणा

निरक्षर कामगाराला कायद्याची माहिती नसणे आणि दावा केल्यास नोकरी जाण्याची भीती असणे, हे अंमलबजावणीतील मोठे अडथळे होते. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई कापड कामगार संघाचे जोशी अध्यक्ष आणि र. रा. बखले चिटणीस होते. अशा संघटनांच्या कार्यालयांतून कामगारांच्या तक्रारी व भरपाईचे दावे हाताळले जाऊ लागले. कामगार संघटना मजबूत असेल तरच कल्याणकारी कायदा कागदावरून कारखान्यात पोहोचतो, हे जोशींच्या कार्याचे सूत्र होते.

१९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने अपघात व व्यवसायजन्य रोग यांच्या भरपाईविषयी करार संमत केले. त्यांपैकी व्यवसायजन्य रोगांविषयीच्या कराराला भारताने १९२७ मध्ये मान्यता दिली. १९२९ मध्ये नेमलेल्या भारतीय श्रमविषयक शाही आयोगाचे (व्हिटले आयोगाचे) जोशी सदस्य होते. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील शिफारशींनंतर झालेल्या १९३३ च्या दुरुस्तीने विनाभरपाईचा काळ दहा दिवसांवरून सात दिवसांवर आला आणि कायद्याखाली येणाऱ्या कामगारांचे वर्ग वाढले.

बाळंतपणाच्या काळात स्त्री कामगारांना भत्ता व रजा मिळावी यासाठी जोशींनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले होते. ते फेटाळले गेले. त्यानंतर मुंबई प्रांताने १९२९ मध्ये असा कायदा केला. मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला होता.

आयटकमधील फूट आणि टीका

शाही आयोगातील सहभागाची किंमत जोशींना द्यावी लागली. १९२५ पासून ते आयटकचे सरचिटणीस होते. १९२९ च्या अखेरीस जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली नागपूर येथे भरलेल्या अधिवेशनात आयोगावर बहिष्कार टाकण्याचा निर्णय झाला. जोशी आणि त्यांचे नेमस्त सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी इंडियन ट्रेड्स युनियन फेडरेशन ही वेगळी संघटना काढली. परक्या सरकारने नेमलेला प्रतिनिधी कामगारांचा खरा प्रतिनिधी असू शकत नाही, असा डाव्या गटाचा आक्षेप होता. आयोगापुढे कामगारांची बाजू मांडली नाही तर तेथे मालकांचीच बाजू ऐकली जाईल, अशी जोशींच्या गटाची धारणा होती. ही फूट चळवळीला महाग पडली. १९४० पर्यंत दोन्ही संघटनांचे पूर्ण एकीकरण झाले आणि जोशी पुन्हा सरचिटणीस झाले. या पदावर ते १९४८ पर्यंत होते.

गोलमेज परिषदेतही त्यांनी कामगारांचे प्रतिनिधित्व केले. सरकारने देऊ केलेला सी. आय. ई. हा किताब त्यांनी स्वीकारला नाही. ३० मे १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन आणि वारसा

भरपाईच्या कायद्यात एक मूलभूत उणीव होती. तो माणसाच्या अपंगत्वाकडे केवळ घटलेल्या कमाईच्या स्वरूपात पाहत होता. जन्मतः अंध, बहिऱ्या किंवा चालू न शकणाऱ्या व्यक्तीला त्याचा काही उपयोग नव्हता, कारण तिला नोकरीच मिळत नव्हती. तरीही अपंगत्वाचा प्रश्न दानधर्माच्या कक्षेतून काढून हक्काच्या आणि राज्याच्या जबाबदारीच्या कक्षेत आणण्याची भारतातील ही पहिली मोठी पायरी होती. हात गमावलेल्या कामगाराला आता मालकाच्या दारी याचना करण्याऐवजी आयुक्तांपुढे दावा दाखल करता येऊ लागला.

एकट्या मालकावर भार टाकण्याऐवजी सामूहिक विम्याची कल्पना पुढे आली, तेव्हा प्रा. भा. पु. आडारकर यांनी १९४४ मध्ये तिचा आराखडा सादर केला. त्यावेळी डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने औषधोपचार आणि अपंगत्व लाभ एकत्र आणले. मुंबईतील कामगारांना ही योजना १९५४ मध्ये लागू झाली. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात आजारपण आणि अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा उल्लेख आहे. नोकरीपलीकडच्या हक्कांचा विचार करणारा अपंग व्यक्तींसाठीचा कायदा १९९५ मध्ये आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला.

१९२३ च्या कायद्याचे नाव २००९ च्या दुरुस्तीने कर्मचारी नुकसानभरपाई कायदा असे झाले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यातील तरतुदींचा समावेश करण्यात आला. जोशींच्या काळात हा प्रश्न मुख्यतः मुंबई, अहमदाबाद, सोलापूर, नागपूर यांसारख्या गिरण्यांच्या शहरांचा होता. स्वातंत्र्यानंतर कारखानदारी जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. नाशिक जिल्ह्यातच ओझरला १९६४ मध्ये विमान कारखाना उभा राहिला, सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती झाल्या. यंत्रावर बोट गमावलेल्या कामगाराच्या भरपाईचा हिशेब अशा ठिकाणीही कमाईच्या क्षमतेच्या टक्केवारीनेच होतो आणि त्या पद्धतीचा उगम १९२३ च्या अनुसूचीत आहे.

मुंबईतील डिलाईल रोडला ना. म. जोशी मार्ग हे नाव देण्यात आले आहे. ज्या गिरणी वस्तीत सोशल सर्व्हिस लीगच्या रात्रशाळा चालत, त्याच वस्तीतून हा रस्ता जातो.