देवळालीचे संख्यायात्री : द. रा. कापरेकर

नाशिक, १७ जानेवारी : नऊ वेळा एक लिहून तयार होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग केल्यास १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. उलटसुलट कशीही वाचली तरी ती तीच राहते. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊचा वर्ग, आणि त्याच ८१ ने तिला निःशेष भाग जातो. दहावा एक लिहून वर्ग केला, की मात्र हातचा येतो आणि अंकांच्या चढउताराची शिस्त मोडते. अशा अद्भुत संख्यांना 'डेम्लो' हे नाव देणारे गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांची आज जयंती.

कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. वडील कारकून होते. त्यांच्या ज्योतिषाच्या छंदातून मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश केला. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले, तर १९२९ मध्ये पदवी. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते देवळालीत शाळाशिक्षक होते.

पूर्वीच्या जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर, या संख्यांची कल्पना त्यांना सुचली, म्हणून स्थानकाचेच नाव त्यांना मिळाले. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हटले. वरील सतरा अंकी संख्या त्याही कुळातली. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या तयार होऊ शकत नाही, तिला त्यांनी स्वयंभू ठरवून देवळालीचे नाव दिले. २० ही अशीच एक.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ हा. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि उत्तरावर हीच कृती करीत राहावे. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच. कापरेकरांच्या १९०५ या जन्मवर्षाला मात्र पुऱ्या सात पायऱ्या लागतात. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

देशातील अनेक गणितज्ञांनी या संशोधनाला अंकांचा खेळ समजून बाजूला सारले. संशोधन केवळ पदवीवर मोजण्याची ही सवय कोती होती. कापरेकर पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात त्यांना शिकवण्या घ्याव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा ते सत्तरीत होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.