हकिमांना पुन्हा विद्यार्थी करणारे मुहम्मद कासिम फरिश्ता

बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड येथे खुदावंद खान यांनी १५८२ मध्ये बांधलेली मशीद आहे. याच गावाजवळ १५९१ मध्ये बुऱ्हाण निजामशाह यांनी अहमदनगरची सत्ता बळकावलेल्या जमालखानाचा पराभव केला आणि तो मारला गेला. दख्खनच्या अशा लढायांची हकीकत ज्यांच्या फारसी तवारिखेतून आपल्यापर्यंत पोहोचली, ते मुहम्मद कासिम फरिश्ता स्वतः जमालखानाविरुद्धच्या एका लढाईत जखमी होऊन त्याच्या हाती सापडले होते आणि पुढे निसटले होते. इतिहासकार म्हणून त्यांना सारे ओळखतात. त्यांनी हकिमांसाठीही एक ग्रंथ लिहिला, हे मात्र आपल्या घरांतून क्वचितच सांगितले जाते.

फरिश्ता मूळचे कॅस्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचे. वडील गुलाम अली हिंदूशाह त्यांना बालपणीच अहमदनगरला घेऊन आले आणि शाहजादा मीरान हुसेन यांना फारसी शिकवू लागले. पितृछत्र लवकरच हरपले. १५८८ मध्ये शाहजाद्याने पित्याविरुद्ध बंड केले, तेव्हा फरिश्ता मुर्तजा निजामशाह यांच्या पहाऱ्यावर होते. जुना सहाध्यायी ओळखून शाहजाद्याने त्यांचे प्राण वाचवले. पुढच्याच वर्षी ते विजापुरास गेले.

त्या काळी इराणातून येणारे हकीम इब्न सीना यांच्या ‘कानून’वर तयार झालेले असत. त्यांची विद्या थोर होती, यात शंका नाही. परंतु समोर बसलेला रोगी दख्खनचा. त्याचे अन्न, पावसाळा, रानातील झाडपाला, सारेच निराळे. या देशातील मुसलमानांना येथील वैद्यकाची पुरेशी ओळख नाही, हे फरिश्ता यांनी हेरले. अरबी-फारसी ग्रंथ वाचून झाल्यावर ते भारतीय वैद्यांच्या ग्रंथांकडे वळले आणि त्यातून ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ सिद्ध केला. ‘इख्तियारात-ए-कासिमी’ हे त्याचेच दुसरे नाव.

ग्रंथाची मांडणी रोजच्या कामाला उपयोगी पडेल अशीच आहे : आधी एकेरी औषधे, मग मिश्र औषधे, त्यानंतर रोगांवरील उपचार. खरी अडचण तत्त्वाची होती. युनानी हकीम रक्त, बलगम, सफरा व सौदा असे चार अखलात मानतो. वैद्य वात, पित्त, कफ हे तीन दोष मानतो. पित्त आणि कफ यांच्या जवळचे काहीतरी हकिमाला आपल्या पोथीत सापडते, परंतु वात त्याच्या चार अखलातांत बसतच नाही. म्हणजे केवळ नवी मुळी ओळखून भागणार नव्हते. नाडी धरलेल्या हातामागचा विचारही नव्याने शिकावा लागणार होता. दाढी पिकलेल्या हकिमाला हे सांगण्यास धाडस लागते. फरिश्ता यांचे वय त्या काळी फार नव्हते, म्हणून ते अधिकच उठून दिसते.

इब्राहिम आदिलशाह दुसरे यांच्या आश्रयाने लिहिलेली त्यांची तवारीख १६०६ मध्ये सादर झाली आणि तिच्या कीर्तीत वैद्यकग्रंथ झाकोळला गेला. तरी तवारिखेतही त्यांची ती दृष्टी सुटलेली नाही. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद यांनी बिदरला दवाखाना उभारला, रोग्यांच्या औषधासाठी व अन्नासाठी गावांचे उत्पन्न लावून दिले आणि तेथे मुसलमान हकिमांबरोबर हिंदू वैद्यही नेमले, ही नोंद फरिश्ता यांचीच आहे.