अहमद निजामशाहाचें कुळ

आमचें अहमदनगर, आतांचें अहिल्यानगर, ज्यानें १४९४ मध्यें सीना नदीच्या कांठीं वसविलें, तो अहमद निजामशाह मूळचा कोण, याविषयीं इतिहासकारांचें एकमत नाहीं.

त्याचा पिता मलिक हसन हा बहामनी राज्याचा मुख्य प्रधान. तवारीखकार फेरिस्ता याच्या मतें हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचा वंशज. बाळपणीं विजयनगरच्या स्वारींत तो बहामनी फौजेच्या हातीं सांपडला, मुसलमान झाला व राजपुत्राबरोबर वाढला. बापाचें नांव भैरव, त्यावरूनच त्यास बहिरी म्हणूं लागले असें कित्येक सांगतात. कित्येक तें नांव बहिरी ससाण्याकडे नेतात. उलटपक्षीं, दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाच्या पदरीं असलेला सय्यद अली तबातबा अहमदास खुद्द बहामनी सुलतानाचा पुत्र ठरवितो. आश्रित लेखकानें धन्यास राजवंशीं जोडावें, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. फेरिस्ताही विजापूर दरबारीं बसून लिहीत होता, हें मात्र विसरूं नये.

१४८६ मध्यें बिदरास हसनाचा वध झाला. अहमदानें १४९० मध्यें भिंगारजवळ बहामनी फौजेचा मोड केला, पुढें त्याच रणभूमीवर शहर वसविलें आणि १४९९ मध्यें दौलताबाद घेतलें.

आमचा कल पाथरीकडे आहे. तें गांव वऱ्हाडच्या इमादशाहाकडे होतें. अहमदाचा पुत्र बुऱ्हाण यानें मोबदल्यांत दुसरा मुलूख देऊं केला. इमादशाहानें तो नाकारिला. तेव्हां १५१८ मध्यें त्यानें पाथरी लढून घेतली व ती आपल्या ब्राह्मण भाऊबंदांस दिली.