विश्लेषण : शंका घेऊनही श्रद्धा टिकते का? पंडिता रमाबाईंनी स्वतःच बायबल मराठीत का आणले?

धर्मग्रंथ मानायचा, पण त्याचा अर्थ दुसऱ्याने सांगितला म्हणून तसाच मानायचा का? पंडिता रमाबाईंनी हा प्रश्न आधी पुराणांना विचारला आणि नंतर चर्चलाही. त्याचे उत्तर शोधताना त्यांनी अख्खे बायबल मराठीत आणले.

पहिली श्रद्धा का डळमळली?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी झुगारून पत्नी आणि मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगत फिरे. पुढे दुष्काळाने गाठले. उपास, दानधर्म, नवस सगळे झाले, तरी १८७४ मध्ये आई-वडील गेले. ग्रंथांतील फळांची आश्वासने आणि प्रत्यक्ष जगणे यांचा मेळ रमाबाईंना लागेना.

१८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

इंग्लंडमध्ये काय घडले?

१८८३ मध्ये त्या डॉक्टर होण्यासाठी इंग्लंडला गेल्या. बहिरेपणामुळे ते शक्य झाले नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

त्या वेळी इंग्लंडमध्ये बायबलच्या मजकुरावरच चर्चा सुरू होती. १८८१ मध्ये नव्या कराराची सुधारित इंग्रजी आवृत्ती निघाली होती. मार्कच्या शुभवर्तमानातील शेवटची १२ वचने चौथ्या शतकातील दोन प्रमुख हस्तलिखितांत नाहीत. म्हणून या आवृत्तीत ती थोडी जागा सोडून, टीप देऊन छापली गेली. नव्या करारातील आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादीही इ.स. ३६७ मधील अथनेशियस या बिशपच्या पत्रात प्रथम आढळते.

रमाबाईंचा वाद मात्र चर्चच्या शिकवणुकीशी होता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्याचे तत्त्व त्यांना सहज पटेना. बायबल मान्य, पण त्यात जे सापडत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून बंधनकारक नाही, अशी त्यांची भूमिका होती. परक्या देशात, लहान मुलीसह, ज्या जोगिणींच्या आश्रयाला होत्या त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून हा वाद घातला. पण ख्रिस्ती धर्म सोडला नाही.

दोन्हीकडून टीका का झाली?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेत बसू लागल्या, तेव्हा ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. चर्चच्या लेखी त्या हट्टी, तर पुण्याच्या लेखी बाटग्या! धर्म स्वीकारला तेव्हा मन पूर्ण निवले नव्हते, ती शांती काही वर्षांनी लाभली, असे त्यांनी नंतर स्वतःच सांगितले.

मराठी बायबल असताना नवे का?

कल्याणहून पुणेमार्गे दौंडकडे जाताना केडगाव लागते. तिथल्या ‘मुक्ती’मध्ये रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातील शेकडो मुलींना आणले. उपलब्ध भाषांतरातील संस्कृतप्रचुर मराठी या मुलींना कळत नसे. शिवाय अशा शब्दांमागे हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटून येतो, असा रमाबाईंचा आक्षेप होता. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वयाच्या सत्तेचाळिशीच्या सुमारास साध्या मराठीत भाषांतराला बसल्या. छपाई मुक्तीतल्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातून झाली.

यातून काय साधले?

मूळ भाषा शिकल्याने हस्तलिखितांतील फरक मिटत नाहीत. उलट अशा प्रत्येक ठिकाणी कोणता पाठ घ्यायचा, हे भाषांतरकाराला ठरवावे लागते. पण अर्थ सांगणारा मधला माणूस दूर होतो. रमाबाईंनी ती सोय आधी स्वतःसाठी केली, मग जिला कुणी अक्षरही शिकवले नव्हते अशा मुलीसाठी.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतराचे काम हातावेगळे झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून आले.