तीन समुद्रांपलीकडचा पाहुणा

आमच्या बीदर-कलबुर्गी भागाला समुद्र नाही. किनारा गाठायचा तर पश्चिमेकडे सह्याद्री ओलांडून कोकणात उतरावे लागते. तरीसुद्धा पंधराव्या शतकातील बीदरचा जीव कोकणच्या बंदरांत अडकलेला होता, असे मी म्हटले तर वाचकांना ते चमत्कारिक वाटेल. पण बहमनी फौजेचे घोडे गलबतांतून येत. वजीर महमूद गावान हा इराणातील गिलानचा. तोही जहाजाने दाभोळ बंदरी उतरून बीदरला आलेला. आणि ज्याने हे शहर डोळ्यांनी पाहून त्याची टिपणे ठेवली, तो अफनासी निकितिन हा रशियन व्यापारीही समुद्रावरूनच आला. वास्को द गामा कालिकतला १४९८ साली पोचला. निकितिन त्याच्या सुमारे पाव शतक आधी आपल्याकडे येऊन गेला होता. न तोफा, न राजाज्ञा. बरोबर एक घोडा, एवढेच.

निकितिन व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावचा. १४६८ च्या सुमारास तो दोन नावांतून माल घेऊन निघाला. त्याला जायचे होते कास्पियन समुद्राकाठच्या शिरवान राज्यात; हिंदुस्थान त्याच्या ध्यानीमनीही नसावा. शिरवानचा वकील मॉस्कोच्या राजाकडून भेट मिळालेले नव्वद ससाणे घेऊन परत चालला होता, त्याची सोबत मिळाली. पण आस्त्राखानजवळ तातारांनी गाठले. निकितिन स्वतः मोठ्या नावेत होता आणि त्याचा सगळा माल होता धाकट्या नावेत; नेमकी तीच लुटली गेली. पुढे कास्पियनच्या वादळात एक जहाज किनाऱ्यावर आपटून फुटले, त्यातील माणसे पकडली गेली. शिरवानच्या राजापुढे सर्वांनी हात पसरले, ते रिकामेच राहिले. तेव्हा ज्यांचे गावी काही होते ते परतले. ज्यांच्या डोक्यावर देणे होते त्यांनी वाट फुटेल तिकडे जावे, अशी पाळी आली. निकितिन परतला नाही. बाकू, मग इराणातील गावोगावचे मुक्काम, असे करीत तो होर्मुझ बंदरात आला.

तेथे त्याला व्यवहाराची गोष्ट कळली. दख्खनमध्ये घोडे पैदा होत नाहीत, आणि तेथील फौजेला घोड्यावाचून चालत नाही. शंभर रूबल खर्चून घेतलेला एक घोडा त्याने गलबतावर चढविला. मस्कत, गुजरात, खंबायत असे बंदरामागून बंदर करीत सहा आठवड्यांनी तो चौलला उतरला. चौल म्हणजे आजच्या रेवदंड्याशेजारचे बंदर. रेवदंड्याला शाळेच्या आवारात त्याचे स्मारकही आहे. एका बंदरापासून दुसरे किती दिवसांचे हे तो व्यापाऱ्याच्या सवयीने टिपून ठेवतो. चौल ते दाभोळ सहा दिवस, दाभोळ ते कालिकत पंचवीस. मात्र किनाऱ्यावर पाय ठेवताच हिशेब बाजूला राहतो आणि माणसे दिसू लागतात. उघड्या अंगाची, उघड्या डोक्याची, एकच वेणी घालणारी माणसे पाहून तो चकित झाला. आणि हा गोरा प्राणी कोण म्हणून तीच माणसे त्याच्या मागे मागे फिरू लागली. कोणी कोणाचे नवल करायचे, हा प्रश्नच आहे!

पाली आणि उमरीवरून, सुमारे चोवीस दिवस चालून, तो जुन्नरला पोचला. पावसाळा तेथेच गेला. चार महिने पाणी आणि चिखल, आणि त्याच चिखलात नांगरणी-पेरणी. घोड्याला हरभरे आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारावी लागते, हेही तो विसरत नाही. ह्याच जुन्नरला त्याच्यावर खरा प्रसंग गुदरला. तेथील अधिकारी असद खान याने, हा मुसलमान नाही असे कळताच, घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. नाहीतर घोडा गेला आणि हजार मोहरा दंड. मुदत चार दिवसांची. परक्या मुलखात ज्याची सारी पुंजी चार पायांवर उभी आहे, त्याच्या ह्या चार रात्री कशा गेल्या असतील! अखेर एका खोरासानी गृहस्थाने रदबदली करून त्याला घोड्यासह सोडविले. छळणारा आणि सोडविणारा एकाच धर्माचे होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बीदरला आल्यावर घोडा विकला गेला. वर्षभर पोसण्याचा खर्च अंगावर पडलाच. शिवाय रशियात खपेल असा माल येथे मिळेना. मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात भारी आणि समुद्रात चाचे फार. म्हणजे व्यापार म्हणून हा प्रवास फसलाच. मग त्याने शहर पाहिले. राजवाड्याला सात दरवाजे, दर दरवाज्यावर शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून. येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद चाललेली. गावानच्या पंगतीला रोज पाचशे माणसे. सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यातील रयत उघडीनागडी आहे, हेही त्याने स्पष्ट लिहिले. आमच्या बीदरच्या वैभवाची वर्णने मी पुष्कळ वाचली आहेत, पण ती लिहिताना रयतेकडे मान वळविणारे थोडे. निकितिनची दरबारी नोकरी नव्हती, म्हणूनच त्याला ते दिसले असावे.

येथे तो खोजा यूसुफ खोरासानी या नावाने वावरत होता. येथील हिंदूंशी ओळख वाढल्यावर त्याने सांगून टाकले, की आपण मुसलमान नव्हे, ख्रिस्ती आहोत आणि आपले नाव अफनासी. तेव्हापासून त्यांनी त्याच्यापासून आपले खाणेपिणे, पूजाअर्चा काही लपविले नाही. शिवरात्रीला ते त्याला श्रीशैलला घेऊन गेले. काळ्या दगडाचा नंदी, मुंडन केलेले यात्रेकरू हे सारे पाहून, यांचे हे जेरुसलेमच होय असे त्याने ठरविले.

आळंदची जत्राही त्याने पाहिली. शेख अलाउद्दीन यांच्या स्मरणार्थ दहा दिवस बाजार भरे आणि वीस हजार घोडे विकले जात, असा त्याचा आकडा आहे. तेथील एका पक्ष्याचीही तो गोष्ट सांगतो. तो रात्री घुमतो, ज्या घरावर बसेल तेथे माणूस मरते, आणि त्याला मारू गेल्यास त्याच्या तोंडातून आग निघते. नाव देतो गुकुक. कन्नड विभागातील आमच्या मित्रांना आपली गूबे चटकन ओळखू येईल. माझी आजी घुबड आढ्यावर बसले की केरसुणी घेऊन धावे. आगीची बातमी मात्र तिला नव्हती. गावांची नावेही तो कानाला आली तशी लिहितो. कलबुर्गीला त्याने केल्बेर्ग केले आहे. २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, तेव्हा मला ह्या केल्बेर्गची आठवण झाली.

मला ह्या माणसाचे सर्वांत हृदयस्पर्शी वाटते ते वेगळेच. लुटीत त्याचे धर्मग्रंथ गेले होते. सण कधी, उपास कधी, काही कळेना. आकाशातील कृत्तिका आणि मृग पाहून तो ईस्टरचा अंदाज बांधी, आणि अंदाज चुकेल या धास्तीने मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपलाही उपास धरी. इकडे यायचे तर आपला धर्म घरी ठेवून निघावे, असा कडवट सल्ला त्याने देशबांधवांना दिला. आपण स्वतः तो कितपत पाळला, हे त्यालाही सांगता आले नसते. त्याच्या लिखाणात रशियन मजकुरात मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द मिसळतात, आणि शेवटची प्रार्थना तर अल्लाच्या नावाने आहे.

अखेर घर आठवू लागले. कलबुर्गी, आळंद करीत तो दाभोळला उतरला आणि दोन मोहरा भाडे देऊन होर्मुझच्या गलबतात बसला. महिनाभर जमीन दिसली नाही. दिसली ती हबसाणची. तेथील लोकांना तांदूळ, मिरी, भाकरी वाटून गलबतवाल्यांनी लूट टाळली. पुढे मस्कत, होर्मुझ, इराण, त्रेबिझोंद. तेथे त्याची झडती घेऊन जे काही बरे होते ते काढून घेण्यात आले. काळा समुद्र ओलांडून तो काफा बंदरात आला. कास्पियन, हिंदी आणि काळा, असे तीन समुद्र झाले. त्यांवरूनच त्याच्या टिपणांना नाव मिळाले. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियनांबरोबर त्याच्यावर ‘परदेसी’ चित्रपट काढला, त्यात नर्गिसही होती.

त्वेर मात्र त्याला दिसले नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला. त्याच्या हातची वही व्यापाऱ्यांनी १४७५ साली मॉस्कोला नेऊन राजाच्या एका कारकुनाच्या स्वाधीन केली. साडेतीनशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, इतिहासकार करमझिन यांना तिची एक नक्कल एका मठाच्या ग्रंथसंग्रहात सापडली.